हिरवा दिवा चालू आहे

४ मार्च
नर्सने आज आमच्या म्हाताऱ्याला मशीन बसवलं. कुलपाच्या पारदर्शक डबीत औषधाची सिरिंज, तिला दोऱ्याएवढी नळी, नळीच्या टोकाला छातीवर कातडीखाली बारीक सुई. गोळी गिळवत नाही ना, म्हणून औषध दिवसभर आपोआप जाणार. दुखणं दबेल, आजार नाही, म्हणाली. बघू. डबी थोड्या थोड्या वेळाने गुर्र करते, हिरवा दिवा लुकलुकतो. हिरवा म्हणजे ठीक. एवढं मला कळतं, चौथी शिकलेय.
अबोला चालूच. नर्ससमोर माझ्या चहाला पाणचट म्हणाला. शब्द मागे घेईपर्यंत मी आपणहून बोलणार नाही.

५ मार्च
नर्सच्या ऑर्डरी. डबी भिजवू नका, उन्हात ठेवू नका, बटणं दाबू नका. सुईची जागा बघत जा. लाल झाली, सुजली, ओली लागली तर लगेच फोन. सून नंदीबैलासारखी मान हलवत होती. मी विचारलं, दिवा हिरवा असताना कशाला बघायचं? तर नर्स म्हणे, आजी, दिवा मशीनचा आहे, आजोबांचा नाही. तोंडाळ पोरगी.

६ मार्च, दुपार
म्हातारा कोपऱ्याकडे बघून हसला. दादा आलाय, खुर्ची द्या, म्हणाला. दादा म्हणजे माझा थोरला दीर, त्याला जाऊन जमाना झाला. मी हलले नाही. सुनेने नेऊन ठेवली. आता खोलीत तेवढीच एक खुर्ची, रिकामी, आणि मला तिच्यात बसवत नाही. उभी राहून पाय भरून आले.

७ मार्च
सकाळपासून कण्हत होता. दिवा हिरवा, म्हणजे सोंग. मी लक्षच दिलं नाही. सुनेने सदरा वर केला तर जागा टम्म सुजलेली, चिकटपट्टीखाली ओल. औषध बाहेरच गळत होतं. नर्स धावत आली, नवी सुई दंडाला घातली. मला बोलली नाही. नुसता माझा हात धरून नव्या जागेवर ठेवला. अशी बघायची, आजी.
माझी काय चूक? सदरा जाड होता.
ठरवलं, आजपासून जाता-येता सुई बघायची. बोलायचं मात्र नाही.

९ मार्च
सुई बघितली. ठीक. मशीनला म्हटलं, त्याला सांग, मान सरळ ठेव. मशीन गुर्र म्हणालं. म्हाताऱ्यापेक्षा बरं ऐकतं.
तो नुसता झोपून. नर्स म्हणाली, आता वेळ जवळ आली, बोलायचं ते बोलून घ्या, कान शेवटपर्यंत जागे असतात म्हणतात. मी म्हटलं, आधी त्यांना बोलू दे. बारा तारखेपर्यंत उठून बसेल, माफी मागेल. मग मी विचार करीन.

१० मार्च
गुर्र स्वयंपाकघरातही ऐकू येतं. सून म्हणते, आई, इथे कसं येईल? तिचे कान तपासायला हवेत.

१२ मार्च
सून बाजारात गेली. डबीवर ऊन आलं होतं, सरकवली. सुई ठीक, दिवा हिरवा. म्हटलं, जाऊ दे, एकदा आपणच लहानपण घ्यावं. कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसले आणि बोलले. अहो, दूध तुम्हाला बाधायचं म्हणून कमी घालत होते. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. लग्नापासूनचं सगळं काढलं. तुम्ही गेलात तर मी भांडू कोणाशी, सून लगेच रडते, तेही म्हटलं. मधे मधे गुर्र व्हायचं. मला वाटलं, हुंकार देतोय.
सून आली. पिशवी ठेवली, त्याच्या हाताला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं.
हात गार होता. दिवा हिरवाच होता.
नर्सने येऊन मशीन थांबवलं. म्हणाली, मशीनचा दोष नाही, ते चालूच राहतं. कधी गेले, विचारलं. मी म्हटलं, आत्ताच, बोलता बोलता. तिने नुसती मान हलवली.

१४ मार्च
मशीन परत नेलं. गुर्र कोपऱ्यातून येतंच आहे. सून खुर्ची उचलायला आली. राहू दे म्हटलं, उलट आणखी एक आण, आता दोघं आहेत.
चहा केला. दूध नेहमीएवढंच घातलं. प्यायले आणि कोपऱ्याकडे बघून म्हटलं, पाणचट आहे. मान्य.
कान लावला. गुर्रसुद्धा नाही.