भोपळा आणि माझा दोर

रविवार संध्याकाळ, सोलापूर

आज नात मुक्ता मेव्हण्याच्या विहिरीत पोहायला उतरली. कमरेला सुकवलेला भोपळा. सकाळपासून माझं एकच, त्याला चीर तर नाही ना? बादलीत दाबून पाहिला. एकही बुडबुडा नाही, तरी धीर होईना. मुक्तानं तो हलवला, तर आत बिया खुळखुळल्या.

"आबा, बाईंनी शिकवलंय. कवच टणक आणि आत पोकळ, म्हणून हा पाण्यावरून वाहत जातो. बिया भिजत नाहीत, लांब जाऊन रुजतात. मग मी कशी बुडेन?"

पटलं. पण बारीक चीर असली तर? म्हणून तिला दोरही बांधला आणि काठावर घट्ट धरून बसलो. ती जागच्या जागी हातपाय मारत राहिली. तिच्यासोबत उतरलेला माझा मुलगा पाण्यातूनच ओरडला, "आबा, दोर सोडा की! पोरगी हाय ती, म्हैस न्हाय!"

लाजलो. सोडला. मुक्ता तरंगत सरळ समोरच्या पायरीला लागली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! तिथं बसून तिनं कमरेचा दोर काढला, गुंडाळून माझ्याकडे फेकला आणि पुन्हा पाण्यात शिरली. भोपळा मात्र ठेवला.