अंड्यांचं कूळ

२ फेब्रुवारी

चुंकीचं लग्न ठरलं. त्याआधी तिचं छटियार व्हायला हवं. म्हणजे गावाने बसून सृष्टीची गोष्ट पहिल्या पाण्यापासून ऐकायची आणि तिला आपल्यात घ्यायचं. त्याशिवाय शेंदूर नाही. एकोणीस वर्षं मी हे टाळत आलो. गोष्टीच्या शेवटी मुलीचं कूळ सांगतात. दुमक्याच्या बाजारात टोपलीत सापडलेल्या पोरीचं कूळ कोण सांगणार?

६ फेब्रुवारी

गावोगाव फिरून सृष्टीच्या गोष्टी उतरवून घेतलेल्या वह्या काढल्या. अकरा गावांच्या अकरा गोष्टी. सगळीकडे आधी पाणीच. मगर, झिंगा, खेकडा माती आणायला तळाशी जातात, वर येईतो ती विरघळते. शेवटी गांडूळ कासवाच्या पाठीवर माती टाकत राहतं. एका गावात खेकडाच नाही! कॉलेजातल्या मिश्रांचा वराह पृथ्वी दातावर उचलतो. ते म्हणाले, "तुमच्या देवाला गांडूळच मिळालं?" मी म्हटलं, "वराह शिरलेलं शेत पाहिलंय का कधी?"

खरी कोणती? जे सगळ्या गोष्टींत सारखं, ते जुनं. जुनं ते खरं — असं मी वर्गात शिकवतो. शिकवताना पटतं.

७ फेब्रुवारी

पहाटे बांधावर गांडुळांनी वर टाकलेल्या मातीचे ओले मणी. धुक्यात पलीकडचं शेत नव्हतंच. जग अजून तेवढंच झालेलं. बराच वेळ बसून राहिलो.

११ फेब्रुवारी

माइनो म्हणाली, "तुमच्या वहीत तिच्या कुळासाठी दोन ओळी घाला. कोण तपासायला येतंय?" चिडलो तिच्यावर. बायको मुलीसाठी बोलत होती, मी वहीसाठी चिडलो. शिवाय दोन ओळी मनात जुळवूनही झाल्या होत्या — हे तिला सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी

झालं. जसं घडलं तसं लिहितो.

गोष्ट नेहमीप्रमाणे गावातला जितराय काकाच सांगत होता. ऐंशीच्या पुढचा, पण पाण्यावर आला की आवाज लांबतो, डोळे मिटतात, आणि आपल्याखालचं अंगण हलकेच तरंगायला लागतं. गावचा प्रमुख म्हणजे मांझी; त्याच्या हातात हांडियाचा, तांदळाच्या दारूचा, द्रोण होता. तो प्यायला की मुलगी गावाची; अजून त्याने तो ओठाला लावला नव्हता. चुंकी खाली मान घालून पदराचे धागे ओढत होती.

हंस-हंसिणीने दोन अंडी घातली. अंड्यांतून पहिली दोन माणसं निघाली. इथे काका थांबला. मग त्याच सुरात म्हणाला, "त्या दोघांना कूळ नव्हतं. ठाकुरदेवाने त्यांना आधी वाढवलं. कूळ मागाहून दिलं."

मांझी म्हणाला, "हे कधी ऐकलं नाही."

"दर वेळी इथवर येईतो तू घोरतोस," काका म्हणाला. लोक हसले. मांझी हसला नाही. माझ्याकडे वळला.

"मास्तर, तू अकरा गावं फिरलास. कुठे आहे हे?"

माइनो माझ्याकडे बघत होती. आहे म्हणालो असतो तर संपलं असतं.

"नाही. एकाही गावात नाही."

चुंकीचा हात थांबला.

मांझी द्रोणात बघत राहिला. मग म्हणाला, "कुठेच नाही ना? म्हणजे आपल्या गावाची आहे." आणि प्यायला.

काकाने पुढची गोष्ट उचलली. शेवटी कूळ आलं — हांसदा. माझं.

१६ फेब्रुवारी

चुंकीने विचारलं, "बाबा, काल नाही म्हणालात?"

"खरं तेच म्हणालो."

"हं," म्हणाली. चहा ठेवून गेली. ती प्यायली नाही.

२४ फेब्रुवारी

नदीपलीकडच्या गावाहून दोघे आले. त्यांच्याकडेही कूळ नसलेली एक मुलगी आहे. म्हणाले, "अंड्यांची गोष्ट तुमच्याकडे पुरी सांगतात म्हणे. आमच्याकडे अर्धीच राहिली." काका म्हणाला, माझे पाय चालत नाहीत, मास्तरला न्या.

ती ओळ नऊ दिवसांची आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. उद्या पहाटे निघायचंय.