वारलेल्या आजीचं बोट

लाडके चिझुरू,

मी सांगतेय आणि शेजारची फुसाए लिहून घेतेय. परवा टीव्हीवर तू डोळे पुसत म्हणालीस, "हे गाणं माझ्या वारलेल्या आजीसाठी." ऐकून मलाही रडू आलं. फुसाए म्हणाली, "अगं किनुए, रडतेस काय? ती मेलेली म्हातारी तूच!"

लोकांना रडवायला तुझ्या गाण्याच्या कंपनीनेच मला मारलं असणार. मग रविवारी तुझी सीडी विकत घेऊन, तिच्यातली चिठ्ठी दाखवून, तुझ्याशी हात मिळवायच्या रांगेत उभी होती ती कोण? तू हसून म्हणालीस, "पहिल्यांदाच आलात ना?" माझ्या पुढच्या टकल्या गृहस्थाकडे बघून हसलीस, अगदी तसंच. पण हात सोडताना माझं वाकडं बोट मुठीत धरलंस, लहानपणी झोपताना धरायचीस तसं. ओळखलंस, की म्हातारी पडेल म्हणून धरलंस? विचारणार तोवर प्रत्येकाला मिळणारे चार सेकंद संपले आणि मला पुढे ढकललं. काही कळेना बघ.

तुझी पत्रं आधी कंपनी उघडते. मेलेल्या आजीचं पत्र सापडलं तर तुला काढून टाकतील. म्हणून हे न पाठवता घरीच, सुक्या पर्सिमन फळांच्या डब्यात ठेवतेय.

पुढच्या महिन्यात पुन्हा रांगेत येईन. ओळख दाखवू नकोस. बोट तेवढं धर.

तुझी, टीव्हीपुरती वारलेली,
आजी