भाईर मारलेला चेंडू

उस्ताद, माझ्या संस्कृतची टिंगल करण्यात तुम्हाला फार गोडी, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. अकोल्याच्या त्या मैदानावर तुम्ही आम्हा पोरांना फुटबॉल शिकवायचात, तेव्हा कोणी पडलं की साइडलाइनवरून ओरडायचात, "भाईर!" ज्याच्या पायात चेंडू असेल त्यानं तो रेषेबाहेर मारायचा, मग समोर गोल मोकळा का असेना. पडलेला उठला की समोरच्यांनी थ्रो घेऊन चेंडू आपल्याला परत द्यायचा. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, उस्ताद, हा शब्द मूळचा 'बहिः', आणि हा कायदा नियमांच्या पुस्तकात नाही, शिटी वाजवणं रेफरीचं काम. तुमचा सुपारी कातरणारा अडकित्ता थांबला. "पंडत, शिटी रेफरीची, शरम तुही. आन तुह्या त्या बहिःनं बॉल भाईर जाते का? माह्यानं जाते." सगळी टीम हसली. विसर्गाचा इतका अपमान मी पुढे विद्यापीठातसुद्धा पाहिला नाही.

खोटं पडणाऱ्याचा मात्र तुम्हाला भारी तिटकारा. एकजण गुडघा धरून लोळत होता, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. सावकाश चालत गेलात, त्याच्या कानाशी वाकलात आणि अगदी मायेनं म्हणालात, "ऊठ राजा, थंडी लागन." तो ताडकन उठला. त्या आवाजापेक्षा शिवी परवडली असती.

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. कबरीवर मूठभर माती मीही टाकली होती. याची मुद्दाम आठवण करून देतो, कारण हल्लीच्या तुमच्या वागण्यावरून ते तुमच्या ध्यानात असल्याचं दिसत नाही.

मी आता अमरावतीच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवतो. रविवारी सकाळी आम्ही पोटं सुटलेली माणसं फुटबॉल खेळतो, म्हणजे चेंडूमागे चालतो. या हिवाळ्यातली एक सकाळ. धुकं इतकं, की एका गोलपासून दुसरा गोल दिसत नाही. चेंडू माझ्या पायात, समोरचा गोलकीपर घसरून बसलेला, गोल उघडा. आणि साइडलाइनवरून आवाज येतो, "भाईर!" शेवटचा र ओढलेला, तुम्ही ओढायचात तसा. डोक्यानं काही विचारायच्या आत पायानं ऐकलेलं असतं.

"काहून मारला भाईर, सर? गोल खुल्ला होता ना!" आमच्यातलाच एकजण वैतागला.

"आवाज आला."

"कोनाचा?"

साइडलाइनवर आमच्या चपला होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. माणूस नव्हता.

थ्रो घ्यायला समोरच्यांनी आपल्या बॅकला हाक मारली. मोर्शीचा संत्रा बागायतदार, आडदांड गडी. तो आला नाही, म्हणून शोधायला गेलो. पलीकडच्या कडेला, धुक्यात, तो उताणा पडला होता. तोंड राखेसारखं. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, थोडक्यात वाचला.

नंतर भेटायला गेलो, तर पेशंटनंच मला संत्री सोलून दिली. बायको चहा आणायला बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, थो म्हातारा कोन होता?"

"कुठला म्हातारा?"

"माह्यापाशी येऊन बसला होता. सुपारी कातरून राह्यला होता, कच् कच् आवाज येऊन राह्यला होता. मी म्हटलं, चाचा, मी चाललो आता. तर म्हने, असा कसा चालला बे? बॉल त्यायचा हाय. पह्यले वापस दे."

अमरावतीत मी तुमच्याबद्दल कोणालाही काही सांगितलेलं नव्हतं. अडकित्त्याबद्दल तर नाहीच. संत्र्याची फोड माझ्या तोंडात तशीच राहिली.

थंडी ओसरल्यावर तो मैदानावर आला. खेळायची मनाई होती. बाकीच्यांची परवानगी न घेता त्यानं चेंडू उचलला, त्या दिवशी मी तो जिथून बाहेर मारला होता तिथूनच थ्रो घेतला, नेमका माझ्या पायाशी टाकला आणि "झालं, चाचा," असं रिकाम्या साइडलाइनला सांगून बाकावर जाऊन बसला.

त्यानंतर आवाज आला नाही. मी दर रविवारी वाट पाहिली. चेंडू पायात आला की थांबायचो, लोक चिडायचे. आणि गेल्या रविवारी, उस्ताद, मी पडलो. कोणाचा धक्का नाही, काही नाही. गुडघा धरून गवतात लोळलो आणि कान साइडलाइनकडे लावून ठेवले. कोणी ओरडलं नाही. खेळ पार पलीकडच्या गोलपाशी गेला, सगळेजण तिकडेच. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. ऊन चटके देत होतं. मग अगदी कानाशी, गार श्वास आणि सुपारीचा वास.

"ऊठ राजा, थंडी लागन."

मी उठलो. त्या उन्हात दुपारपर्यंत मला थंडी वाजत होती.

हे पत्र पाठवत नाही. कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्न आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. तुम्ही वाचलंत तर आधीच ओळखाल, आणि मग कदाचित येणार नाही. येत्या रविवारी मी पुन्हा पडणार आहे. शरम माझी, कबूल.