लाल चिंधीच्या सहा कुंड्या

ताम्हिणी, ५ मार्च

चि. दिशास आजीचे आशीर्वाद, आणि वरून एक टपली.

टपली अशासाठी, की परवा पडवीत आपल्याच घरच्या बियाण्याच्या भातरोपांच्या बारा कुंड्या मांडून गेलीस आणि स्वतःचा डबा, चष्मा नि एक चप्पल इथंच विसरलीस. एका चपलेवर पुण्याला पोचलेली बाई भाताची पाती कशी मोजणार, असं मी शेजारच्या सुलतानाला विचारलं. पत्र तीच लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही, हे तरी तुझ्या ध्यानात असेल अशी आशा हाय.

आता कुंड्यांचं. सहांना रोज पाणी आणि लाल चिंधी बांधलेल्या सहांना थेंबही नाही, असं तू तीनदा बजावलंस. मला आधी थट्टाच वाटली. जितं रोप मुद्दाम तहानेनं मारायचं आणि सुलतानानं दुपारी येऊन त्याचा फोटो काढायचा, याला शिकणं म्हणतात? वर प्लास्टिक ताणून गेलीस, म्हणजे आभाळाला दया आली तरी सोय नाही.

पण तुझा शब्द तो शब्द. माझ्या हंड्यातलं पाणी त्या सहांना जाणार नाही. जेवत जा. माया आहे तशी असू दे.

तुझी आजी


पुणे, २७ मार्च

ती. आजीस दिशाचा नमस्कार. चप्पल राहू दे, मी नवीन घेतली.

आजी, नीट ऐक. तुला सांगितलं होतं ना, प्रयोगशाळेत आम्ही रोपं उपटतो, मुळं धुतो, वाळवून वजन करतो. ते आकडे, ताम्हिणीचं ऊन, वारा आणि कुंडीतली माती, असं सगळं कॉम्प्युटरला दिलं की तो आकड्यांचंच एक रोप वाढवतो. त्याला मॉडेल म्हणतात. पाणी तोडल्यावर अकराव्या दिवशी पाती वळतील आणि चौदाव्याला रोप मरेल, असं त्या मॉडेलनं सांगितलं होतं. तिकडं रेंज नाही, म्हणून सुलतानामावशी पौडला गेली की फोटो पाठवते. विसाव्या दिवशीही लाल चिंधीवाली रोपं हिरवी!

आमच्या सरांनी फोटो मोठा करकरून पाहिला. म्हणाले, एक तर आपली चार वर्षं चुकली, नाहीतर तुझ्या आजीच्या घरचं बी कुणी पाहिलं नाही असं आहे. बारा एप्रिलला बेंगळुरूत दोनशे जाणकारांसमोर मी हे मांडणार आहे. तुझं नाव घेऊन.

आशीर्वाद असावेत.

तुझी दिशा


ताम्हिणी, ३० मार्च

चि. दिशास आशीर्वाद. आज टपली मला.

सुलतानाचा नवरा अमजद भाजी घेऊन पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. टपालाच्या भरवशावर राहायला वेळ न्हाई. तुझं पत्र वाचून दाखवताना सुलताना हसत होती, आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ अजून पडवीत पसरलेत.

दिशा, मी त्यांना पाणी दिलं न्हाई. धुवण दिलं.

तांदळाचं धुवण आपल्या घरात मोरीत ओतत नाहीत. भाताचं ते भाताच्या मुळाशी, ही माझ्या सासूची शिस्त. रोज सकाळी लाल चिंधीला अर्धी अर्धी वाटी. बाकीच्या सहांना तुझं पाणी होतंच, म्हणून उपाश्यांना धुवण. पाहुण्याला कोणी धुवण देतं का? मग ते पाणी कसलं, असं मी माझ्या मनाला सांगितलं. निम्मं मन ऐकत होतं. निम्म्याला कळत होतं, पण सकाळी मान टाकलेली पाती बघितली की ते निम्मं गप्प बसायचं.

सुलताना लिहिता लिहिता थांबलीये. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला बोल लावू नकोस.

बेंगळुरूला माझं नाव घेऊ नकोस. आधी तुझ्या साहेबांना सांग. रागावलीस तरी माया तोडू नकोस.

आजी


पुणे, ४ एप्रिल

ती. आजीस नमस्कार.

अमजदकाकांनी पत्र दिलं आणि मी जिन्यातच वाचलं. खोटं बोलत नाही, एक दिवस ते कपाटात कोंडून ठेवलं. कुणाला कळणार होतं? मग दोनशे लोकांसमोर उभी असलेली मी मलाच दिसले, आणि मी सरांना पत्र दिलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता घरी जा म्हणतील. त्यांनी विचारलं, “वाटी केवढी होती?”

कॉम्प्युटरमधल्या रोपाला मी रोज तुझी अर्धी वाटी घातली. ते विसाव्या दिवशी हिरवं राहिलं. आजी, मॉडेल बरोबर होतं, आपण चुकलो. बेंगळुरू रद्द झालं.

प्रयोग पुन्हा करायचा आहे. मॉडेल खरं ठरलं, तर पावसानं दडी मारल्यावर भात किती दिवस तग धरेल हे शेतकऱ्याला आधी सांगता येईल. नवीन कुंड्या घेऊन रविवारी येते. पण ती रोपं तुझ्या डोळ्यांसमोर मरतील. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरं घर बघेन. माझा राग नाही.

दिशा


ताम्हिणी, २० एप्रिल

चि. दिशास आशीर्वाद, पोटातून.

दुसरं घर बघायची गरज नाही. आज अकरावा दिवस. सकाळी पडवीत गेले आणि उंबऱ्यातच खाली बसले. साही कुंड्यांतली पाती विडीसारखी वळलीत. साठ वर्षं भात लावला मी, पण हा दिवस मला आधी सांगता आला नसता. आपली पडवी न बघितलेल्या त्या खोक्याला तो कळला कसा? माझ्या अंगावर काटा आलाय तो जात न्हाई. सुलतानानं फोटो काढला आणि ओढणीनं तोंड झाकलं.

अजून तीन दिवस. पण माझ्या हाताचा मला भरवसा नाही. धुवणाचं भांडं उचललं की पाय आपोआप तिकडं वळतात. म्हणून पहिल्याच दिवसापासून मी घरात तांदूळ धुतलेला नाही. दहा दिवस भाकरीवर आहे, आणि पीठ संपत आलंय.

माया राख. अमजद उद्या हे पत्र घेऊन येतोय, त्याच्याच परतीच्या गाडीनं बाजरी पाठव, चार किलो. तांदळाचा दाणाही त्यात येऊ देऊ नकोस.

तुझी आजी