वरची खोली बघणारी बाई

३ मार्च, सोमवार

ती बाई आज तिसऱ्यांदा आली. घर बघायला माणसं एकदा येतात, फार तर दोनदा – तीही नवऱ्याला, सासऱ्याला, कुणाला तरी सोबत घेऊन. ही एकटीच. स्वयंपाकघर, हॉल, न्हाणीघर – खालचं सगळं पाच मिनिटांत आटपलं. वर मात्र रेंगाळली. हा जिना मला चढवतो का, एकटीच राहते का, असलं काहीबाही विचारत होती. हिला घर घ्यायचंय की माझी उलटतपासणी?

दलाल म्हणतो, गिऱ्हाईक पक्कं आहे, काकू. त्याला सगळीच गिऱ्हाइकं पक्की वाटतात.

५ मार्च, बुधवार

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात. वरच्या खोलीतली समुद्राकडची खिडकी खाऱ्या हवेने फुगलीय. ती उघडायची तर आधी चौकट खांद्याने दाबायची, मग कडी वर उचलायची. दलालाला अजून जमत नाही. तिने मात्र आल्या आल्या उघडली!

तीस वर्षं शाळेत पेपर तपासले. न शिकवलेलं उत्तर अचूक आलं की समजायचं – कुठून तरी बघितलंय.

६ मार्च

कुठून बघितलंय?

८ मार्च, शनिवार

लिहू की नको.

ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. आम्ही शहरात राहत होतो तेव्हा, शेवटची काही वर्षं, दर महिन्याला एकटेच इथे यायचे. टाकी गळतेय, म्हणायचे. मीही येते म्हटलं, की माझा गुडघा पुढे करायचे.

आज प्लंबरला बोलावलं. विकण्याआधी टाकी धड असावी म्हणून. म्हणाला, ही बसवल्यापासून कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

ती पस्तिशीची असेल. ह्यांच्या निम्म्या वयाची! शी. काय लिहितेय मी हे.

९ मार्च

ह्यांच्या कपाटाचा कप्पान् कप्पा उपसला. काही नाही. काहीच नसणं जास्त खटकतं. ह्यांचा फोटो पालथा घातला. संध्याकाळी परत सरळ केला.

११ मार्च, मंगळवार

मीच तिला बोलावून घेतलं. दलालाला खाली बसवलं, तिला वर नेलं, दार लोटलं आणि सरळ विचारलं – माझ्या नवऱ्याबरोबर इथे किती वेळा आलीस? अहोजाहो गेलं उडत.

ती कॉटवर मटकन बसली. हसली असती तर थोबाडीतच दिली असती. पण तिचे डोळे भरले.

"तुमच्या मुलाबरोबर आले होते," म्हणाली. "मी त्याची बायको."

सात वर्षांपूर्वी मीच त्याला सांगितलं होतं – त्या मुलीशी लग्न केलंस तर मला तोंड दाखवू नकोस. तिचा फोटो पाठवला होता त्याने. न बघताच फाडला. हे गेले तेव्हा तो आला, फाटकाबाहेर उभा राहिला. मी आत ये म्हटलं नाही.

मग तिने एकेक सांगितलं. लग्न झालं तेव्हा दोघांना राहायला जागा नव्हती. ह्यांनी गुपचूप इथली किल्ली दिली. वर्षभर ती दोघं याच खोलीत राहिली. दुसरीकडे घर मिळालं, तरी बाप-लेक महिन्यातून एकदा इथे भेटायचे. ती दोघांना जेवायला वाढायची.

आणि मला पत्ता नाही! ह्यांनी खोटं सांगितलं, एवढा माझा संशय खरा निघाला. पण खोटं बोलायची वेळ त्यांच्यावर कुणी आणली?

तिला पाणी दिलं. ती निघाली तेव्हा नुसती जिन्याशी उभी राहिले.

१२ मार्च

दलालाला कळवलं – आता दुसरं गिऱ्हाईक आणायचं नाही. घर त्या दोघांनाच द्यायचं.

१३ मार्च

मुलाला फोन केला. आवाज थेट बापाचा झालाय. म्हटलं, हे घर तुम्हीच घ्या. म्हणाला, "आई, घर घ्यायचंच नव्हतं गं. तू बरी आहेस ना, एवढंच बघायला तिला पाठवत होतो."