देवराईतले दोन फोटो

आहुपे, ता. आंबेगाव
१ मे २०२५, दुपार

ती. गोरखदादास,

नमस्कार. तू बरा असशील असं धरून लिहिते. रविवारपासून तुझा फोन लागत नाही. लागला तरी मी बोलायला लागले की तू कट करशील, म्हणून हे पत्र. जुबेरभाई आज इथं आलेत, संध्याकाळी आळेफाट्याला उतरतील. हे पत्र त्यांच्याच हाती देतेय; तुझी पिकअप कुठल्या गॅरेजसमोर उभी असते, ते मी त्यांना सांगितलंय.

इकडे शाळेचा निकाल लागला, चौथीची सगळी पोरं पास झाली. पाणी अजून पुरतंय. काल आईचा फोन आला होता, तुझी चौकशी करत होती. काम जास्त असेल, म्हटलं.

जुबेरभाई म्हणजे जुन्नरच्या बाजारातले, घड्याळं आणि जुने कॅमेरे दुरुस्त करणारे. दिवाळीत त्यांच्याकडून एक लेन्स घेतली होती, तुला सांगितलं होतं. चाळीसेक वर्षांची. आत बुरशी धरली होती म्हणून हजाराच्या आत मिळाली. त्यांनीच उघडून पुसून दिली, माझ्या कॅमेऱ्याला बसवायची रिंग शोधून दिली. तू हसला होतास. "भंगार घेतलंस की! आपोआप फोकस पण व्हत न्हाई." खरंच होत नाही. झूमही नाही. जवळून हवं असेल तर आपणच पुढं चालत जायचं, आणि लेन्सवरची कडी बोटांनी फिरवत राहायची, चित्र स्पष्ट होईपर्यंत. पण आवाज अजिबात नाही, त्यामुळं शेकरू बुजत नाही.

रविवारी मी शेकरूसाठीच देवराईत बसले होते.

शनिवारी तू फोनवर सहज विचारलंस, "उद्या गावात कोन कोन हाय गं?" मी सांगितलं, सगळं गाव डिंभ्याला लग्नाला चाललंय, मी पण. सकाळी माझा बेत बदलला. ते तुला माहीत नव्हतं.

एकच्या सुमाराला मोटारीच्या करवतीचा आवाज आला. देवराईत, दादा. जिथून इथली माणसं वाळकी काटकीसुद्धा घरी नेत नाहीत. मी वाकून वाकून पुढं गेले. झाडांमधून एक पिकअप दिसली, शेजारी आडवा पडलेला रानआंबा आणि दोन माणसं. कॅमेरा डोळ्याला लावला. कडी अजून शेकरूच्या घरट्याच्या अंतरावर होती, त्यामुळं सगळं धूसर. नुसता एक लाल शर्ट. पहिला फोटो तसाच निघाला. मग कडी फिरवायला लागले. खोडाला दोर बांधणाऱ्या माणसाचे खांदे ओळखीचे वाटले. मग एका बाजूला कललेली मान. तेव्हाच मला कळलं होतं. तिथं बोटं थांबवता आली असती. मी कडी पुरती फिरवली आणि दुसरा फोटो काढला.

हाक मारली नाही. तू वळून माझ्याकडं बघशील, याचीच भीती वाटली.

तुला कोणी काय सांगून तिथं नेलं, मला माहीत नाही. रानआंब्याची दोन झाडं गेली, एवढं माहीत आहे.

सोमवारी गावानं बहिरूबाबांना धरलं. देवराईची राखण त्यांच्याकडे, पूजाही तेच करतात. वयामुळं ते लग्नाला गेले नव्हते आणि कोणीतरी त्यांना त्या दिवशी कुऱ्हाड घेऊन जाताना पाहिलं होतं. झालं. "राखनदारानंच इकलं," असं जो तो बोलायला लागला. पूजा काढून घेतली. एक तारखेच्या ग्रामसभेत ठराव करून त्यांचं नाव वनखात्याला द्यायचं ठरलं.

मंगळवारी त्यांची बायको, भागूबाई, शाळेच्या दारात आली. आत येईना. "बाई, तुमी लई येळ रानात बसता. तुमी काय पायलं का?"

मी नाही म्हणाले.

हे तुला सांगायलाच हवं होतं. पाहिलेलं असूनही मी नाहीच म्हणाले. तुझ्यासाठी.

आज सभेला जाताना मी एक तोड काढली होती. पहिला, धूसर फोटो दाखवायचा. बहिरूबाबा सुटतील आणि तूही सुटशील. मी उठले, मोबाइलवर उतरवून घेतलेला तो फोटो दाखवला. हातोहात फिरला. हौशीराम म्हणून एक आहेत, ते म्हणाले, "ह्यात तोंड कुठं दिसतंय? बहिरूचा पोरगाच असंल." मागून दोघं-तिघं "हां, हां" म्हणाले. बहिरूबाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केलीच नाही.

मग मी दुसरा फोटो उघडला.

"हा कोन?" हौशीराम म्हणाले.

"माझा सख्खा भाऊ. गोरख."

बहिरूबाबा उठले, मांडीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि देवराईच्या वाटेला लागले. भागूबाई त्यांच्यामागं निघाली. माझ्यासमोर थांबून म्हणाली, "मंग त्या दिशी का नाय म्हन्ली?"

तिनं थोडी वाट बघितली आणि ती गेली.

दादा, तू चिडशील. आयुष्यभर तोंड बघणार नाहीस, असंही होईल. ते मी धरून चालले आहे. पण ठरावात आता तुझं नाव आहे, आणि तो उद्या घोडेगावला वनखात्याच्या ऑफिसात पोचेल. तुला कोणी शोधत येण्याआधी तू स्वतः ये. कोणी बोलावलं होतं, लाकूड कुठं गेलं, सगळं सांग.

उद्या सकाळी दहाला मी घोडेगावच्या एसटी स्टँडवर असेन. तू आलास तर तुझ्याबरोबर ऑफिसात येईन आणि तुझं होईपर्यंत शेजारी बसेन. साडेअकरापर्यंत नाही आलास, तर फोटो घेऊन एकटी जाईन.

तुझीच,
स्नेहल